फाइल दिसते, पण आहे कुठे?

‘लॅपटॉपवर फाइलचं नाव दिसतंय, पण उघडायला गेलं की इंटरनेट मागते.’ ‘डेस्कटॉपवरच्या प्रत्येक आयकॉनला हिरवी टिक लागली आहे, व्हायरस तर नाही ना?’ ‘क्लाउड भरलं म्हणून तिथले फोटो काढले, तर लॅपटॉपवरचेही गेले!’ संगणकाबद्दल वाचक जे विचारतात, त्यात या तीन तक्रारी आलटून पालटून येत राहतात. तिन्हींचं मूळ एकच. फाइलचं नाव दिसणं आणि फाइल संगणकात असणं या आता दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, आणि हे कोणी आपल्याला नीट सांगितलेलं नाही.

विंडोजमध्ये हा बदल २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फाइल्स ऑन-डिमांड’ या नावाने आला. तेव्हापासून वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या फोल्डरात तुम्हाला सगळ्या फाइली दिसतात, पण त्यातल्या काही फक्त नावापुरत्या असतात. क्लोकरूमची पावती हातात असावी आणि सामान स्टेशनात, तसं. पावती आहे की सामान आहे, हे नावाशेजारचं छोटं चिन्ह सांगतं. ते वाचता आलं की निम्म्याहून जास्त घोटाळे टळतात.

या लेखात मुख्यतः विंडोजवरच्या वनड्राइव्हचं सांगतो, कारण ते लॅपटॉपबरोबरच येतं आणि बऱ्याच घरांत कोणी चालू न करताच चालू असतं. गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड आणि ड्रॉपबॉक्सवाल्यांसाठी पुढे वेगळं सांगितलं आहे.

सगळ्यात आधी: तुमचा डेस्कटॉप नेमका कुठे आहे?

हे तपासायला मिनिटभरही लागत नाही.

- फाइल एक्सप्लोरर, म्हणजे ते पिवळ्या फोल्डरचं चिन्ह, उघडा.
- डावीकडे ‘डेस्कटॉप’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘लोकेशन’ बघा.
- त्या पत्त्यात तुमच्या नावानंतर ‘वनड्राइव्ह’ हा शब्द असेल, तर तुमचा डेस्कटॉप क्लाउडशी जोडलेला आहे. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’चंही असंच तपासा.

‘मी तर असं काही केलं नव्हतं’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. नवा लॅपटॉप सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की या तीन फोल्डरांचा बॅकअप अनेकदा त्याच ओघात चालू होतो. आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो. दुकानदाराने लॅपटॉप ‘रेडी करून’ दिला असेल, तर ती पाटीसुद्धा तुमच्या नजरेला पडलेली नसते. पुढे फुकट मिळणारे ५ जीबी मुलांच्या फोटोंनीच भरतात आणि ‘स्टोरेज फुल’ असा इशारा येऊ लागतो. मग माणूस एकतर घाईघाईने पैसे भरतो, नाहीतर घाईघाईने डिलीट करतो. ही सोय वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लॅपटॉप चोरीला गेला किंवा हार्ड डिस्क बसली तर हीच सोय तुम्हाला वाचवते. पण माणसाला न कळता त्याच्या फाइलींचा पत्ता बदलणं मला पटत नाही.

चिन्हं कशी वाचायची?

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘डिटेल्स’ निवडा. नावाशेजारी ‘स्टेटस’ नावाचा रकाना दिसेल. चिन्हावर माउस नुसता टेकवलात तरी त्याचा अर्थ इंग्रजीत लिहून येतो. रोज लागणारी चिन्हं तीनच आहेत:

- निळ्या रेषेचा ढग: फाइल फक्त क्लाउडवर आहे. नेट असेल तर उघडेल, नसेल तर नाही. लॅपटॉपवर तिने जागा जवळजवळ घेतलेली नाही.
- पांढऱ्या गोलात हिरवी टिक (गोलाला हिरवी कड): फाइल लॅपटॉपवर उतरली आहे, बहुधा तुम्ही ती कधीतरी उघडली म्हणून. आत्ता नेटशिवाय उघडेल. उद्याची खात्री मात्र नाही.
- भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक: ही फाइल कायम लॅपटॉपवर ठेवायची असं तुम्ही स्वतः सांगितलं आहे. नेट असो-नसो, उघडणारच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चिन्हातला फरक लोकांच्या नजरेतून निसटतो. दोन्ही हिरवी, दोन्हींत टिक. पण पोकळ टिक असलेल्या फाइलीला विंडोज पुन्हा ढगात पाठवू शकतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे स्टोरेज आणि त्यात ‘स्टोरेज सेन्स’ अशी एक सोय आहे. अमुक दिवस न उघडलेल्या वनड्राइव्हच्या फाइली आपोआप लॅपटॉपवरून उतरवून फक्त क्लाउडवर ठेवायच्या, असा पर्याय तिच्यात असतो. तो चालू असेल तर महिन्याभरापूर्वी हिरवी दिसलेली फाइल आज निळा ढग होऊन बसलेली सापडेल. भरीव टिकेच्या फाइलीला मात्र स्टोरेज सेन्स हात लावत नाही.

बाकीची चिन्हं अधूनमधून दिसतात:

- एकमेकांमागे फिरणारे दोन निळे बाण: चढउतार चालू आहे. बाण थांबेपर्यंत लॅपटॉप बंद करू नका.
- लाल गोलात पांढरी फुली: ही फाइल सिंक होऊ शकलेली नाही. म्हणजे तुम्ही केलेला बदल अजून क्लाउडवर गेलेला नाही.
- माणसाची आकृती: फाइल कोणाबरोबर तरी शेअर केलेली आहे. काढून टाकण्याआधी दोनदा विचार करा, कारण ती त्यांच्याकडूनही जाईल.
- कुलूप: फाइलीवरच्या काही निर्बंधांमुळे ती सिंक होत नाही. हे बहुधा ऑफिसच्या खात्यात दिसतं.
- नावाशेजारी तीन बारीक निळ्या रेघा: फाइल नवीन आली आहे, एवढंच.

खाली घड्याळाजवळच्या पट्टीतही एक ढग असतो. तो संपूर्ण खात्याची तब्येत सांगतो. पांढरा किंवा करडा ढग म्हणजे तुमचं घरगुती खातं, निळा म्हणजे ऑफिसचं किंवा कॉलेजचं. दोन्ही दिसत असतील तर लॅपटॉपवर दोन वेगळी खाती आहेत, आणि कुठली फाइल कुठल्या खात्यात जाते हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. ढगावर तिरकी रेघ असेल तर साइन-इन झालेलं नाही. पिवळा त्रिकोण म्हणजे खात्याकडे लक्ष द्या. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी असेल, अगदी ‘प्रवेश बंद’च्या पाटीसारखी, तर खातं अडवलेलं आहे. जागेची मर्यादा ओलांडून बरेच दिवस झाले की ही वेळ येऊ शकते. ढग दिसतच नसेल तर तिथल्या वरच्या दिशेच्या छोट्या बाणावर क्लिक करा, तो आत लपलेला असतो.

फोल्डरच्या चिन्हावर फार विसंबू नका. आत शंभर फाइली असतील तर सगळ्यांची अवस्था एक असेलच असं नाही. महत्त्वाचं काही असेल तर फोल्डर उघडून आतली चिन्हं बघा. फोटोचं छोटं चित्र दिसतंय म्हणजे फोटो आहे, असंही धरून चालू नका. ते चित्र वेगळं साठवलेलं असू शकतं.

दोन आज्ञा, आणि गोंधळात टाकणारी तिसरी

फाइलीवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करा. विंडोज ११ मध्ये कधीकधी आधी ‘वनड्राइव्ह’ या उपयादीत जावं लागतं. तिथे दोन आज्ञा दिसतील:

- ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’: फाइल लॅपटॉपवर उतरवा आणि तिथेच राहू द्या. फोल्डरला ही आज्ञा दिलीत तर पुढे त्यात येणाऱ्या नव्या फाइलीही आपोआप उतरतील.
- ‘फ्री अप स्पेस’: लॅपटॉपवरची प्रत काढा, क्लाउडवरची राहू द्या. चिन्ह निळा ढग होईल आणि लॅपटॉपवर जागा मोकळी होईल.

तिसरी आज्ञा म्हणजे नेहमीची ‘डिलीट’. तिचा अर्थ ‘इथून काढा’ असा नाही, ‘सगळीकडून काढा’ असा आहे. लॅपटॉप, क्लाउड, मोबाइल, मुलाच्या टॅबवर तेच खातं असेल तर तिथूनही. जागा मोकळी करायला बसलेला माणूस नेमका इथे फसतो. ‘क्लाउडवर आहेच की’ असं म्हणून तो लॅपटॉपवरून डिलीट करतो. दुसरा ‘लॅपटॉपवर आहेच की’ म्हणून क्लाउडवरून डिलीट करतो. दोघांचंही सारखंच नुकसान होतं, कारण सिंक झालेल्या फाइलीला दोन स्वतंत्र अस्तित्वं नसतात.

त्यात आणखी एक मेख आहे. लॅपटॉपवर उतरलेली फाइल डिलीट केली तर ती निदान विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये सापडते. पण निळ्या ढगाची फाइल डिलीट केली तर तिथे ती शोधून उपयोग नाही, कारण लॅपटॉपवर ती नव्हतीच. ती ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन, तिथल्या वेगळ्या रिसायकल बिनमधून परत आणावी लागते. घरगुती खात्यात ती तिथे ३० दिवस राहते. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या खात्यात साधारणपणे ९३ दिवस. फाइल हरवल्याचं लक्षात येताच आधी तिथे जा. रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घेणं, लॅपटॉप दुरुस्तीला देणं हे सगळं नंतर. क्लाउडच्या बिनमध्ये असलेली फाइल परत आणायला एक पैसाही लागत नाही.

‘कट-पेस्ट’चंही तेच. वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल ओढून सी ड्राइव्हमधल्याच दुसऱ्या साध्या फोल्डरात टाकली, तर ती कॉपी होत नाही, हलते. म्हणजे क्लाउडवरून जाते. बाहेरच्या डिस्कवर ओढली तर मात्र विंडोज कॉपी करतं. हा फरक लक्षात ठेवण्याच्या भानगडीत न पडता ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’ अशी स्पष्ट आज्ञा वापरा.

नेट नसेल तिथे जाताय?

समजा तुम्ही रत्नागिरीला प्रशिक्षणाला निघालात. रेल्वेत बसून भाषण पुन्हा एकदा चाळायचं ठरवलंत, आणि करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात लक्षात आलं की सादरीकरण निळ्या ढगात आहे. असं होऊ नये म्हणून आदल्या रात्री, घरच्या वायफायवर, हे करा:

1. लागणाऱ्या सगळ्या फाइली एका फोल्डरात आणा. त्या फोल्डरला ‘ऑल्वेज कीप’ द्या.
2. निळे बाण थांबून सगळीकडे भरीव हिरवी टिक येईपर्यंत थांबा. व्हिडिओ असतील तर वेळ लागेल.
3. आता लॅपटॉपचा फ्लाइट मोड चालू करा आणि प्रत्येक फाइल उघडून बघा. खरी परीक्षा हीच. टिक बघून समाधान मानू नका.
4. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ नुसता जोडलेला असेल, किंवा एक्सेलची एक शीट दुसऱ्या फाइलीतून आकडे ओढत असेल, तर ती दुसरी फाइलही उतरलेली हवी. मुख्य फाइल हिरवी आणि आतला व्हिडिओ ढगात, हे व्यासपीठावर कळून उपयोग नाही.

फाइल उघडताना ‘द क्लाउड फाइल प्रोव्हायडर इज नॉट रनिंग’ असा निरोप आला, तर बिघाड फाइलीत नाही. वनड्राइव्हचा प्रोग्रामच बंद पडला आहे. स्टार्ट मेनूत ‘वनड्राइव्ह’ टाइप करून तो सुरू करा. ‘लॅपटॉप जोरात चालावा’ म्हणून कोणीतरी स्टार्टअपमधून वनड्राइव्ह काढून टाकलेलं असतं, त्यानंतर हमखास हा निरोप येतो.

एक बारकी गोष्ट. निळ्या ढगाच्या फाइली शोधताना विंडोज नाव शोधू शकतं, आतला मजकूर नाही. ‘त्या पत्रात ग्रामसेवकांचा उल्लेख होता’ एवढंच आठवत असेल आणि पत्र ढगात असेल, तर लॅपटॉपवरचा शोध हात हलवत परत येईल. अशा वेळी वेबसाइटवर जाऊन शोधा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर

आपल्याकडे दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर लॅपटॉप चालवणारे खूप आहेत. वनड्राइव्हला हे माहीत नसतं. सकाळी हॉटस्पॉट जोडला आणि लग्नाचे फोटो वर चढायला लागले की दुपारपर्यंत डेटा साफ.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. अशा जोडणीवर वनड्राइव्ह स्वतःहून थांबतं. तात्पुरतं थांबवायचं असेल तर घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून ‘पॉज सिंकिंग’ निवडा. २, ८ किंवा २४ तासांसाठी थांबवता येतं. पण मग एक पथ्य पाळा: थांबवलेलं असताना केलेलं काम फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे. त्या अवस्थेत घरी जाऊन दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडून बदल केलेत, तर दोन प्रती तयार होतात आणि एकीच्या नावाला संगणकाचं नाव चिकटतं. सोसायटीच्या हिशेबाच्या एक्सेलचं असं वारंवार होतं. सेक्रेटरींनी एका लॅपटॉपवर देखभाल वर्गणी भरली, खजिनदारांनी दुसऱ्यावर पाण्याचं बिल. दोन फाइली, दोन्ही अर्धवट. जुळवणी हातानेच करावी लागते.

लाल फुली का येते?

बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं.

- फाइल कुठेतरी उघडी आहे. बंद करा, थोडा वेळ थांबा.
- नावात न चालणारी चिन्हं आहेत. तारकाचिन्ह, कोलन, प्रश्नचिन्ह, उभी रेघ, तिरकी रेघ, अवतरणचिन्ह, लहान-मोठ्याची चिन्हं. विंडोज ही नावात घालूच देत नाही, त्यामुळे प्रश्न येतो तो मॅकवरून आलेल्या फाइलींचा. मॅकवर कोणी फाइलीला तिरक्या रेघेसह ‘७/१२ उतारा’ असं नाव दिलं, तर वनड्राइव्ह अडून बसतं. ‘सातबारा’ असं अक्षरी लिहा, भांडण मिटेल. मराठी अक्षरांची अडचण नसते.
- पत्ता फार लांब झाला आहे. फोल्डरांत फोल्डर, त्यांत पुन्हा फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा वार्षिक तपासणी अहवाल अंतिम सुधारित’. वनड्राइव्हमध्ये सगळा पत्ता मिळून ४०० अक्षरांची मर्यादा आहे. नावं छोटी करा.
- जागा संपली आहे. क्लाउडवरची, लॅपटॉपवरची नव्हे. ‘फ्री अप स्पेस’ने क्लाउडवर जागा होत नाही, हे इथे पुन्हा सांगावंसं वाटतं.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामचा चालू डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका. तो सतत लिहिला जात असतो, आणि अर्धवट लिहिलेली अवस्था वर चढली तर ती दुरुस्त करणं कठीण. प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल क्लाउडवर टाका.

डेस्कटॉप क्लाउडपासून सोडवायचा असेल तर

घाईने स्विच बंद केला की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणसाच्या छातीत धस्स होतं. फाइली गेलेल्या नसतात, त्या वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या ‘डेस्कटॉप’मध्ये असतात. क्रम असा ठेवा:

1. वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या तिन्हींना ‘ऑल्वेज कीप’ द्या. आधी लॅपटॉपवर तेवढी जागा आहे का बघा.
2. सगळं भरीव हिरवं झाल्यावर एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. निळे ढग असताना कॉपी करायला गेलात तर प्रत्येक फाइल आधी नेटवरून उतरेल, आणि मध्येच नेट गेलं तर कॉपी अर्धवट राहील.
3. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, ‘सिंक अँड बॅकअप’, ‘मॅनेज बॅकअप’. एकेका फोल्डरचा बॅकअप बंद करा. नव्या आवृत्त्यांत फाइली कुठे ठेवायच्या असं विचारलं जातं. संगणकावर ठेवण्याचा पर्याय दिसला तर तो घ्या.
4. फाइली तरीही वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिल्या, तर त्या नव्या डेस्कटॉपवर कॉपी करा. कट नको.
5. आठवडाभर सगळं नीट चालतंय असं बघा. मगच क्लाउडवरच्या जुन्या प्रती काढा.

गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड, ड्रॉपबॉक्स

गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये दोन पद्धती आहेत. ‘स्ट्रीम’मध्ये फाइली क्लाउडवर राहतात आणि संगणकात एक वेगळा ड्राइव्ह दिसतो, बहुधा जी अक्षराचा. ‘मिरर’मध्ये सगळं संगणकावर उतरतं. स्ट्रीममध्ये असाल तर लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ऑफलाइन उपलब्ध करण्याचा पर्याय द्यावा लागतो.

पण गूगलचा खरा सापळा वेगळाच आहे. गूगल डॉक्स आणि शीट्सच्या फाइली या फाइली नसतातच. संगणकावर जे दिसतं ते वेबपानाकडे बोट दाखवणारं एक चिमुकलं खूणपत्र असतं, मिरर पद्धतीतसुद्धा. ते पेन ड्राइव्हवर टाकून झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर तिथे काहीच छापलं जाणार नाही. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी ‘माझा बॅकअप पेन ड्राइव्हवर आहे’ म्हणतात तेव्हा त्या फाइलीचं आकारमान बघायला सांगा. दोनशे पानांच्या प्रबंधाची फाइल एखाद्या केबीची असेल तर बॅकअप नाही. डॉक्समध्ये फाइल, डाउनलोड, आणि वर्ड किंवा पीडीएफ असं निवडून खरी प्रत घ्या. नेटशिवाय लिहायचं असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्सची ऑफलाइन सोय आधीच चालू करून ठेवावी लागते. गूगलचे फुकट १५ जीबी हे जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून आहेत, त्यामुळे ते भरले की मेल येणंही बंद होतं.

मॅकवर उलटं आहे: नावाशेजारी चिन्ह नसेल तर फाइल मॅकवर आहे. खाली बाण असलेला ढग दिसला तर ती फक्त आयक्लाउडवर आहे. जागा मोकळी करायची आज्ञा ‘रिमूव्ह डाउनलोड’. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून ‘कीप डाउनलोडेड’ही मिळालं आहे. त्याआधीच्या मॅकवर ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू असेल तर जुन्या फाइली आपोआप ढगात जाऊ शकतात. फुकट जागा ५ जीबी.

ड्रॉपबॉक्समध्ये फुकट जागा २ जीबीच. आज्ञा ‘मेक अव्हेलेबल ऑफलाइन’ आणि ‘मेक ऑनलाइन-ओन्ली’. कल्पना तीच.

सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे?

नाही. सिंक तुमच्या चुकासुद्धा इमानदारीने सगळीकडे पोचवतं. फाइल बिघडली तर बिघडलेली वर चढते, रॅन्समवेअरने कुलपात घातली तर कुलूपबंद वर चढते. वनड्राइव्हच्या वेबसाइटवर फाइलीवर राइट क्लिक करून ‘व्हर्जन हिस्टरी’त जुन्या प्रती सापडतात, घरगुती खात्यात शेवटच्या २५. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्गणीचं खातं असेल तर संपूर्ण वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणाला परत नेता येतं. याचा उपयोग होतो, पण जमिनीची कागदपत्रं, घरातल्यांचे जुने फोटो, प्रबंध यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच. आणि ती डिस्क एरवी लॅपटॉपला लावलेली नको.

नोकरी सोडताना, लॅपटॉप विकताना, आणि तुमचे हक्क

ऑफिसच्या खात्यातला निळा ढग हा ऑफिसचा आहे. तुमच्या मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेचं स्कॅन त्यात असेल, तरी खातं बंद झालं की ते तुमच्या हातातून गेलं. ऑफिसचं खातं हटवल्यावर त्यातला मजकूर सहसा ३० दिवसच राखून ठेवला जातो, आणि तो पाहण्याचा अधिकार वरिष्ठांकडे जाऊ शकतो. राजीनामा देण्याआधीच वैयक्तिक फाइली घरगुती खात्यात हलवा. ऑफिसच्या फाइली मात्र नेऊ नका, तो करारभंग ठरू शकतो.

लॅपटॉप विकताना किंवा भावंडांना देताना वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट’ इथे ‘अनलिंक धिस पीसी’ करा. त्याने क्लाउडवरचं काही जात नाही. पण लॅपटॉपवर उतरलेल्या फाइली तिथेच राहतात आणि नव्या मालकाला दिसू शकतात. गायब होतात ते फक्त निळे ढग. म्हणून अनलिंक केल्यावर विंडोज पूर्ण रिसेट करा, आणि त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. रिसेटच्या आधी वेबसाइटवर जाऊन तुमच्या फाइली खरंच तिथे आहेत हे बघून घ्या.

आपला मजकूर एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याची मोकळीक तुम्हाला आहे. गूगलमध्ये ‘टेकआउट’ नावाची सोय सगळा मजकूर बांधून देते. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरून फोल्डर डाउनलोड करता येतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्या कोणत्या माहितीवर काय प्रक्रिया होते याचा सारांश मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा वा पुसायला लावण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

तोवर थांबायचं कारण नाही. गूगलच्या खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ उघडून, खातं ३ ते १८ महिने वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, हे आजच भरता येतं. ॲपलच्या खात्यात आपल्या पश्चात माहिती मिळावी म्हणून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. मायक्रोसॉफ्टकडे अशी कुठलीच सोय नाही, म्हणून वनड्राइव्हवर घरच्यांना लागतील अशी कागदपत्रं असतील, तर तो फोल्डर आताच घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाच्या खात्याशी शेअर करून ठेवा, आणि त्याची स्वतंत्र प्रत त्यांना काढून घ्यायला सांगा.